मूडल ४.५: मुलांचं काम जपणारं, पण अर्धवट फायलींपुढे गप्प बसणारं सॉफ्टवेअर

आमच्या कॉलेजचं मूडल, म्हणजे नोट्स, असाइनमेंट आणि क्विझ ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, मी सांभाळते. ते ४.१ वरून ४.५ वर नेताना मध्येच बंद पडलं, त्याचं कारण शोधून काढलं, नव्यानं अपग्रेड केलं आणि तेव्हापासून एक अख्खं सत्र आम्ही ते रोज वापरतोय. मूडलमध्ये क्विझ कशी करायची, असाइनमेंट कशी लावायची, याचे व्हिडिओ ढिगानं मिळतात. अपग्रेड फसलं की हे सॉफ्टवेअर काय दाखवतं, काय लपवतं आणि कुठे हात लावायचा नाही, यावर मराठीत मला काही सापडलं नव्हतं. तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजांत हे काम लॅब असिस्टंटच्या नाहीतर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमच्या गळ्यात पडतं. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे.

आधीच सांगते, मूडल घ्याच. फुकट आहे, जीपीएल लायसन्सखाली आहे (म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं), मुलांची माहिती आपल्याच सर्व्हरवर राहते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि आजही ते जोमानं वाढतंय. आपल्याकडे आयआयटी मुंबईसुद्धा वर्गांसाठी मूडलच वापरते. सॉफ्टवेअर भक्कम आहे, यात मला शंका नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे आणि ती मोठी आहे. आपल्या स्वतःच्या फायली पूर्ण आहेत की नाहीत, हे मूडल तपासत नाही.

अपग्रेड करणं भाग होतं. ४.१ ही नोव्हेंबर २०२२ ची आवृत्ती दीर्घ मुदतीची होती खरी, पण तिच्या सुरक्षा दुरुस्त्या डिसेंबर २०२५ पर्यंतच मिळणार होत्या. त्यानंतरची दीर्घ मुदतीची आवृत्ती म्हणजे ४.५, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि तिला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. दर सहा महिन्यांनी येणारी प्रत्येक आवृत्ती लावत बसण्याइतका वेळ कुठल्याच कॉलेजकडे नसतो, त्यामुळे ४.१ वरून थेट ४.५ हाच आमच्यासारख्यांचा रस्ता.

पूर्वतयारीसाठी मूडल जी मदत करतं, ती मात्र उत्तम. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये सर्व्हरच्या टॅबखाली एन्व्हायर्नमेंट नावाचं पान आहे. तिथे पुढची आवृत्ती निवडली की आपल्या सर्व्हरवर काय कमी आहे ते ओळीनं दिसतं. मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी; ४.१ ला तिचं ७.४ चालत होतं, ४.५ ला किमान ८.१ लागतं. सोडियम नावाचं पीएचपीचं एक्स्टेन्शन लागतं. मॅक्स इनपुट व्हार्स ही पीएचपीची सेटिंग किमान ५००० असावी लागते, आणि स्वस्त होस्टिंगवर ती बहुतेक वेळा १००० असते. हे सगळं जुनी साइट चालू असतानाच कळतं. आम्ही ते सगळं हिरवं करून घेतलं होतं. म्हणूनच नंतर जे झालं त्यानं मी जास्त अस्वस्थ झाले.

आमचं होस्टिंग शेअर्ड आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुम्ही फक्त झिप अपलोड करा, बाकी आम्ही करून देतो." त्यांनी जुनं फोल्डर बाजूला ठेवलं, ते बरोबरच होतं. मूडलची सूचना तशीच आहे, नव्या फायली जुन्यांवर ओतायच्या नाहीत. मग त्यांनी पॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमधून नवी झिप उघडली. फाइल मॅनेजरनं "काम झालं" असा संदेश दिला. साइट उघडली तर पांढरं पान आणि ५०० चा एरर.

त्या दिवशी बीएस्सीच्या मुलांची असाइनमेंट जमा करायची मुदत होती. प्राचार्यांचा पहिला प्रश्न होता, "मुलांचं काम गेलं का?" मी त्यांना म्हटलं, "नाही सर, गेलेलं नाही. फक्त दार बंद आहे." हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. मूडलची रचनाच तशी आहे. त्याचे तीन भाग वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. एक प्रोग्रामचं फोल्डर, दुसरं मूडलडेटा नावाचं फोल्डर, तिसरा डेटाबेस. मुलांनी चढवलेल्या फायली मूडलडेटात असतात, मार्क आणि नोंदी डेटाबेसमध्ये. नव्या फायली उतरवताना बदलतं ते पहिलं फोल्डर. ते अर्धवट राहिलं तर साइट उघडत नाही, पण बाकीच्या दोन भागांना धक्का लागत नाही. या एका गोष्टीसाठी मूडल बनवणाऱ्यांना मी पैकीच्या पैकी मार्क देईन.

पांढऱ्या पानावर काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून पहिलं काम एरर लॉग, म्हणजे सर्व्हर चुका नोंदवतो ती फाइल, उघडायचं. तिथे शेवटच्या ओळीत 'फेल्ड ओपनिंग रिक्वायर्ड' असे शब्द होते आणि पुढे लिब फोल्डरमधल्या एका फाइलचा पत्ता. मी फाइल मॅनेजरमध्ये त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं. फाइल नव्हती. सपोर्टच्या माणसानं लगेच ती एकच फाइल चढवली. पान पुन्हा उघडलं तर लॉगमध्ये दुसऱ्या फाइलचं नाव. तीही चढवली. मग तिसरी.

इथे थांबायला हवं, आणि हे मी अगदी कळकळीनं सांगते. लॉगमध्ये एका फाइलचं नाव दिसलं म्हणजे एकच फाइल गायब आहे, असा अर्थ होत नाही. पीएचपी पहिल्या अडथळ्याला थांबतं, म्हणून एका वेळी एकच नाव दिसतं. मूडलच्या पॅकेजमध्ये हजारो छोट्या फायली आहेत. अशी एकेक फाइल शोधून भरत गेलं तर कधीतरी साइट उघडेल, पण आत आणखी किती फायली नाहीत ते कुणालाच कळणार नाही. परीक्षेच्या दिवशी एखादी मुलगी क्विझच्या चौथ्या प्रश्नावर जाईल आणि नेमकी तिथली फाइल नसेल.

आमचं तेच व्हायच्या बेतात होतं. काही फायली भरल्यावर पांढरं पान गेलं आणि अपग्रेडचं प्लगइन (मूडलला जोडलेले सुटे भाग) तपासणीचं पान आलं. सपोर्टवाल्यांना वाटलं, सुटलो. मी यादी खाली सरकवत गेले. बऱ्याच ओळींसमोर लाल चौकटीत 'मिसिंग फ्रॉम डिस्क' लिहिलेलं. हजेरीसाठी आम्ही वापरतो ते अटेन्डन्स प्लगइन त्यात होतं, सर्टिफिकेट छापण्याचं कस्टम सर्टिफिकेट होतं. त्यांच्याबरोबर प्रश्नांचे प्रकारही होते: मॅचिंग, शॉर्ट आन्सर, म्हणजे मूडलचे स्वतःचेच.

खरं कारण या पानावरच कळतं. त्यावर सोर्स नावाचा एक रकाना आहे. प्रत्येक प्लगइनसमोर 'स्टँडर्ड' किंवा 'ॲडिशनल' लिहिलेलं असतं. ॲडिशनल म्हणजे आपण बाहेरून घातलेलं. ते 'मिसिंग' दिसलं तर त्यात विशेष काही नाही, जुन्या फोल्डरमधून ते नव्यात आणायचं राहिलंय एवढंच. पण 'स्टँडर्ड' लिहिलेलं प्लगइन डिस्कवर नसेल, आणि त्या आवृत्तीतून ते मुद्दाम काढल्याची नोंद रिलीज नोट्समध्ये नसेल, तर पॅकेजच अर्धवट उतरलंय असं समजायचं. (मुद्दाम काढणंही होतं. ५.० मध्ये चॅट आणि सर्व्हे हे दोन मूळ पॅकेजमधून बाहेर काढले आहेत.) एवढा एक रकाना नीट वाचला की सगळं चित्र समोर येतं. मूडल मात्र त्यावर एक शब्द बोलत नाही. त्याच पानावर खाली पुढे जायचं बटण असतं.

फोनवर पलीकडून सूचना आली, "आता अपग्रेड पुढे नेऊ, मग प्लगइनच्या यादीत जाऊन लाल दिसतंय ते अनइन्स्टॉल करून टाकू." मी स्पष्ट नाही म्हटलं. प्लगइनचं फोल्डर नसलं तरी त्याची टेबलं डेटाबेसमध्ये सुखरूप असतात. फोल्डर परत ठेवलं की दोन वर्षांची हजेरी जशीच्या तशी दिसते. अनइन्स्टॉल केलं की ती टेबलंच पुसली जातात. लाल रंग बघून हात शिवशिवतात, पण तो लाल रंग फक्त "फोल्डर सापडत नाही" एवढंच सांगतोय. त्या शब्दांशेजारी मूडलनं "माहिती अजून शाबूत आहे" अशी एक ओळ लिहायला हवी. एका वाक्यानं कितीतरी कॉलेजांची हजेरी वाचेल.

मग फायली का उतरल्या नाहीत? डिस्कवर जागा भरपूर होती, पॅनेलमध्ये कितीतरी जीबी शिल्लक दिसत होते. त्याच पॅनेलच्या कोपऱ्यात दुसरा एक आकडा होता, तो मात्र काठोकाठ भरलेला. इनोड, म्हणजे खात्यावर एकूण किती फायली ठेवता येतील त्याची मर्यादा. शेअर्ड होस्टिंगवर ही मर्यादा असते आणि जाहिरातीत जीबीचा आकडा मोठ्या अक्षरात, हा मात्र नियमांच्या पानात तळाशी असतो. झिप उघडता उघडता ती मर्यादा गाठली आणि पुढची एकही फाइल तयार झाली नाही. फाइल मॅनेजरनं ते सांगितलं नाही, उलट काम झालं म्हणाला.

मूडलसाठी ही मर्यादा जास्तच जाचक ठरते, कारण अपग्रेडच्या वेळी जुनं आणि नवं अशी प्रोग्रामची दोन फोल्डर एकाच वेळी डिस्कवर असतात. म्हणजे फायलींची जागा दुप्पट लागते. शिवाय मूडलडेटात कॅश, टेम्प आणि सेशनच्या बारीक बारीक तात्पुरत्या फायली साचतात. आमच्याकडे त्यात मागच्या अपग्रेडच्या वेळची जुनी फोल्डरही कुणीतरी ठेवून दिलेली होती. ती कॉलेजच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली आणि सर्व्हरवरून काढली. कॅश मूडलच्याच पर्ज कॅशेस आदेशानं रिकामी केली. सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, फायलींऐवजी डेटाबेसमध्ये ठेवायची सोय मूडलमध्ये आहे, ती चालू केली.

मूडलडेटातल्या फाइलडिर नावाच्या फोल्डरला मात्र हात लावायचा नाही. तिथे गेलात तर घाबरायला होईल. दोन अक्षरांची फोल्डर, त्यांच्या आत पुन्हा दोन अक्षरांची, आणि त्यात चाळीस अक्षरांच्या अगम्य नावाच्या फायली, पुढे पीडीएफ की जेपीजी तेही लिहिलेलं नाही. हे नाव फाइलच्या मजकुरावरून काढलेलं असतं, एसएचए-१ पद्धतीनं. फायदा असा की एकच नोट्सची पीडीएफ पाच शिक्षकांनी पाच कोर्सला लावली तरी डिस्कवर ती एकदाच राहते. कुठल्या मुलाची कुठली फाइल, याची नोंद डेटाबेसमध्ये. त्यामुळे इथली एखादी जुनी, निरुपयोगी वाटणारी फाइल हातानं उडवली तर ती किती ठिकाणांहून नाहीशी होईल याचा पत्ता लागत नाही. कोर्समधून काढून टाकलेल्या फायली मूडल आधी ट्रॅशडिरमध्ये नेतं आणि काही दिवसांनी क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, चालतो तेव्हा साफ करतं. क्रॉन दर मिनिटाला चालतोय ना, एवढं बघा, बाकी त्याचं तो करतो.

जागा झाल्यावर अर्धवट फोल्डर पूर्ण काढलं आणि नव्यानं सुरुवात केली. या वेळी एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरला थेट कमांड देऊन. डाउनलोड पानावर झिपचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) दिलेला असतो, तो आपल्या फाइलशी जुळवून पाहिला. झिप कमांडनं उघडली. मग सर्व्हरवरच्या सगळ्या फायलींची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये काढली, कॉलेजच्या लॅपटॉपवर तीच झिप उघडून तिथली यादी काढली, दोन्ही क्रमानं लावल्या आणि फरक दाखवणारा डिफ आदेश चालवला. डिफनं काहीच दाखवलं नाही म्हणजे दोन्ही याद्या सारख्या. अर्धवट राहिलेल्या फोल्डरची यादी मी आधीच काढून ठेवली होती. तिच्यावर तोच डिफ चालवला तेव्हा स्क्रीनवर ओळीच ओळी वाहत राहिल्या. क्वेश्चन आणि रिपोर्ट या दोन फोल्डरांत जवळपास काहीच उतरलेलं नव्हतं. एकेक फाइल भरून हे कधी पुरं झालं असतं?

त्यानंतर जुन्या फोल्डरमधून कॉन्फिग डॉट पीएचपी आणलं, म्हणजे डेटाबेस कुठे आहे ते मूडलला सांगणारी फाइल. ही फाइल आणायची राहिली तर मूडल थेट पहिल्यांदा इन्स्टॉल करायचं पान उघडतं, भाषा निवडा म्हणून विचारतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं पुसलं गेलं. तसं काही नसतं. ते पान बंद करायचं, फाइल जागेवर ठेवायची. ॲडिशनल प्लगइन ४.५ ला चालणारी नवी उतरवून घेतली. मग ॲडमिन फोल्डरातल्या सीएलआयमधून (कमांडनं चालवायच्या स्क्रिप्टांचं फोल्डर) अपग्रेड डॉट पीएचपी चालवलं. ब्राउझरमधून अपग्रेड करू नका, वेळेची मर्यादा आडवी येते. कमांडनं ते शांतपणे एकेक घटक करत गेलं आणि संपलं.

आमच्याकडे पहिल्या प्रयत्नात डेटाबेसला हात लागला नव्हता. तुमच्याकडे लागला असेल आणि मध्येच थांबलं असेल, तरी मूडलनं सोय करून ठेवली आहे. डेटाबेस बदलण्याच्या प्रत्येक पायरीनंतर ते सेव्हपॉइंट नोंदवतं. फायली पूर्ण करून पुन्हा अपग्रेड चालवलं की तिथून पुढे सुरू होतं. मात्र मागे फिरता येत नाही, जुना प्रोग्राम नव्या डेटाबेसवर चालायला मूडल साफ नकार देतं. त्यासाठी आधी घेतलेला डेटाबेसचा बॅकअपच हवा.

आता तक्रारीकडे. मूडलच्या सीएलआयमध्ये डेटाबेसची रचना तपासणारी वेगळी स्क्रिप्ट आहे. जुन्या आवृत्तीच्या फायली नव्या फोल्डरात राहिल्या असतील तर 'मिक्स्ड मूडल व्हर्जन्स डिटेक्टेड' म्हणून ते अपग्रेड अडवतं. म्हणजे जास्तीच्या फायली ओळखता येतात. कमी असलेल्या मात्र नाहीत! व्हर्जन डॉट पीएचपी या एका छोट्या फाइलमधला आकडा डेटाबेसमधल्या आकड्यापेक्षा मोठा दिसला की मूडल अपग्रेडला उभं राहतं, बाकीची फौज आली की नाही ते बघतच नाही. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेससाठी डब्ल्यूपी-सीएलआय या कमांडच्या साधनात व्हेरिफाय चेकसम्स नावाचा आदेश आहे, तो मूळ पॅकेजची प्रत्येक फाइल ताडून पाहतो आणि नसलेल्या फाइलचं नाव सांगतो. मूडलसारख्या, परीक्षेचे मार्क ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसावी, हे मला पटत नाही.

यावरचा उपाय म्हणजे गिट, फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मूडलची कागदपत्रंही तेच सुचवतात. ४.५ साठी त्यांची ४०५ स्टेबल नावाची शाखा आहे. तीवरून प्रोग्राम उतरवला की गिट स्टेटस या एका आदेशावर एखादी फाइल नसेल तर तिच्यासमोर 'डिलीटेड' असं येतं, आणि ती परत आणायलाही एकच आदेश पुरतो. दर काही आठवड्यांनी येणाऱ्या छोट्या दुरुस्त्याही मग गिट पुलनं लागतात, झिपचा खेळच संपतो. आम्ही त्यानंतर गिटवरच गेलो. डॉट गिट फोल्डर ब्राउझरमधून कुणाला उघडता येणार नाही, एवढा बंदोबस्त मात्र करा.

वापरताना ४.५ चांगलं आहे. सबसेक्शनची नवी सोय आमच्या शिक्षकांना फार आवडली. युनिटच्या आत टॉपिक, त्याच्या आत नोट्स आणि क्विझ, असा आपल्या विद्यापीठाच्या सिलॅबससारखाच कोर्स मांडता येतो. एआयची जोडणी या आवृत्तीत आली आहे, ती आम्ही बंद ठेवलीय. मराठी भाषेचा पॅक आहे, तो मूडलडेटात राहतो म्हणून या सगळ्या गोंधळात त्याला काही झालं नाही. पण तो अपुरा आहे, नव्या आवृत्तीतली कितीतरी वाक्यं इंग्रजीतच दिसतात. मूडलच्या भाषांतराच्या साइटवर कुणालाही खातं उघडून वाक्यं सुचवता येतात. मराठी विभागातल्या शिक्षकांनी हे काम हाती घेतलं तर गावाकडून येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना खरंच उपयोग होईल.

मूडलला मी पाचपैकी चार देते, फायली न तपासण्याबद्दल एक कापून. शेअर्ड होस्टिंगवर मूडल ठेवायला मात्र मी कुणालाच सांगणार नाही. घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: एसएसएच देता का, इनोडची मर्यादा किती, आणि क्रॉन दर मिनिटाला चालवू देता का. ५.१ पासून तर मूडलनं ब्राउझरला दिसणारा भाग पब्लिक नावाच्या वेगळ्या फोल्डरात नेला आहे, म्हणजे वेब सर्व्हरची सेटिंगही बदलावी लागणार. शेअर्ड खात्यावर ते सगळीकडे जमेलच असं नाही. म्हणून पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये स्वतःच्या छोट्या व्हीपीएससाठी (भाड्यानं घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) तरतूद करावी, असं मी प्राचार्यांना लिहून दिलंय. ते मिळेपर्यंत आम्ही ४.५ वरच राहणार आहोत.